हिनोसेचे पाठवाले

अशी कल्पना कर, की तू दहा वर्षांची आहेस आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर ताठ उभी आहेस. तुझी आई ओठांत टाचण्या धरून तुझ्या खांद्यांवर राखाडी कापडाचे दोन कडक पंख बसवते आहे. हलायचे नाही, खाजवायचे नाही. समोर आजोबा जेवायला बसले आहेत. एरवी तू पाणी प्यालीस तरी पेला कसा धरावा ते सांगणारे आजोबा, आज मान वर करून बघतसुद्धा नाहीत. केलीस कल्पना? मग आता तिचे खरे नाव सांगतो. मोरिवाकी तामाकी. पुढचे सगळे तिच्यावर सोपवू आणि आपण बाजूला उभे राहू.

"डावा पंख खाली आलाय," आई टाचण्यांच्या फटीतून म्हणाली. "बाबा, जरा बघता का, सरळ आहे ना?"

आजोबांनी वाटी तोंडाला लावली, एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली.

"सूप गोड आहे."

"मिसो माझ्या माहेरचा आहे. आमच्याकडे गोडच असतो."

"तेच म्हणतोय. दीडशे वर्षं झाली, शत्रूची रसद अजून चालूच आहे."

आईचे माहेर पश्चिमेकडे. दीडशे वर्षांपूर्वी तोफा घेऊन या हिनोसे गावाच्या किल्ल्याच्या खंदकापाशी येऊन बसलेले सैन्य त्याच बाजूचे होते. त्या सैन्यात आईच्या घरचे कोणी नव्हते. ते लोक तेव्हाही सोयाबीन आंबवून मिसोच करत होते. पण लग्न होऊन आल्यापासून हा टोमणा तिच्या ताटात लोणच्यासारखा वाढला जात होता, आणि तीही तो लोणच्यासारखाच बाजूला सारून जेवत होती.

"शत्रूचं सूप संपवा," ती म्हणाली. "गार होतंय."

तामाकी स्टुलावरून आजोबांच्या डोक्याकडे बघत होती. वरून त्यांचे टक्कल पहिल्यांदाच दिसत होते. "आजोबा," ती म्हणाली, "एकदाच बघा ना."

आजोबा उठले, आपली वाटी स्वतः धुतली आणि बाहेर गेले.

हा सगळा प्रकार कशासाठी चालला होता ते सांगायला हवे.

हिनोसेच्या किल्ल्यात आता किल्ला नाही. खंदक आहे, दगडी तट आहे, सगळ्यात वर मुख्य मनोऱ्याचा रिकामा चौथरा आहे, आणि उरलेल्या जागेत बाग आहे. जुनी राजवट संपत होती त्या वर्षी इथला मालक एक लहान मुलगा होता. वडील गेले म्हणून गादीवर बसवलेला. खंदकापलीकडे शत्रू आल्यावर मोठ्या कारभाऱ्यांनी दोन दिवस नुसती चर्चा केली. तिसऱ्या दिवशी सकाळी तो मुलगा एकटा बालेकिल्ल्यावरून खाली आला आणि त्याने थोरला दरवाजा उघडायला सांगितला. एकही गोळी सुटली नाही. दरवाज्यावर सहा घराण्यांची माणसे पहाऱ्याला होती. त्यांनी मरायची शपथ घेतलेली होती, पांढरे कपडे घातलेले होते, शेंड्या बांधून झालेल्या होत्या. आणि त्यांना सांगण्यात आले की अडसर काढा. हुकूम होता म्हणून त्यांनी तो काढला. मग ती माणसे रस्त्याच्या कडेला ओळीने बसली, आणि मुलगा जवळून जाऊ लागला तेव्हा त्यांनी त्याच्याकडे पाठ केली.

दुसऱ्या वर्षी त्याच दिवशी ती पुन्हा तिथे येऊन पाठ करून बसली. तिसऱ्या वर्षीही. मालक दूरच्या शहरात राहायला गेला होता, रस्त्यावरून कोणीही जात नव्हते, तरी ती बसली. मग त्यांची मुले बसली. लोक त्यांना पाठवाले म्हणू लागले. पुढे नगरपालिकेला वाटले, एवढी माणसे बघायला जमतात तर भजी-सरबताची दुकाने लावू. मग वाटले, पाठवाले आहेत तर मागून जायला कोणीतरी पाहिजे. तेव्हापासून दर ऑक्टोबरात शाळेतले पाचवीचे एक मूल मालकाचा, खांद्यांवर कडक पंख असलेला जुना पोशाख करून चौथऱ्यावरून खाली येते, पाठवाल्यांच्या मागून जाते आणि पुलावर उभ्या असलेल्या शत्रूच्या सेनापतीला किल्ली देते. सेनापती व्यापारी संघाचा अध्यक्ष असतो. त्याला मिशा चिकटवतात.

ते मूल आनंदाने पुढे येत नाही. वर्गात दगड-कात्री-कागद खेळतात, आणि जो शेवटी हरतो तो मालक. वर्षभर त्याला सगळे 'कडीकाढ्या' म्हणतात. पूर्वी हे फक्त मुलग्यांच्या वाट्याला यायचे. आता हिनोसेत मुलेच इतकी कमी झाली आहेत की मुलींनाही हा मान मिळतो.

या वर्षी तामाकी हरली.

सहा घराण्यांपैकी आता दोन उरली होती. सायकलच्या दुकानाचे ओगुसु ताहेई, आणि तिचे आजोबा, मोरिवाकी गेन्जो.

घरी येऊन तिने सांगितले तेव्हा आजोबा अंगणात मुळे धूत होते.

"काय टाकलंस?" त्यांनी विचारले.

"कागद."

"पहिल्याच डावात?"

"प्रत्येक डावात."

"प्रत्येक डावात कागद," आजोबा मुळ्याला म्हणाले. "बदलून घे कोणाशी तरी."

"बाई म्हणाल्या, चालत नाही."

"मग तू तुझं चाल. मी माझं बसेन."

"पण मी तुमच्या मागूनच जाणार ना. तुम्ही बघणार नाही?"

"मोरिवाकींनी कधी बघितलेलं नाही," आजोबा म्हणाले, आणि मुळ्याची माती पुन्हा पहिल्यापासून धुवायला लागले.

इथे एक गोष्ट समजून घे. तामाकीच्या आयुष्यात बघणारे माणूस एकच होते. वडील लांबच्या जहाजावर. आई दिवसभर दवाखान्यात. पोहण्याच्या शर्यतीला, नाटकाला, शाळेच्या मैदानावरच्या धावण्याला आजोबा सगळ्यांच्या आधी जाऊन चटई टाकत आणि पुढे बसत. टाळ्या वाजवत नसत. घरी येताना फक्त "बरं झालं" म्हणत, किंवा म्हणत नसत. त्यांनी न बघितलेले काहीही तिने आजवर केले नव्हते. आता पहिल्यांदाच सगळा गाव तिला बघणार होता, तोही हसायला, आणि जे एक माणूस न हसता बघते ते हातभर अंतरावर पाठ करून बसणार होते.

रविवारी तिने विचारले, "आजोबा, किल्ल्यावर येता? मला सराव करायचाय."

सराव हा अभ्यास होता, आणि अभ्यासाला ते कधी नाही म्हणत नसत.

"टोपी घे," ते म्हणाले.

खंदकात हंसांच्या आकाराच्या, पायाने चालवायच्या होड्या फिरत होत्या. एका हंसाची मान मोडलेली होती आणि ती चिकटपट्टीने बांधलेली होती. आजोबा पुलावर थांबले.

"याच पाण्यात तळाशी टोकदार बांबू रोवलेले असायचे," त्यांनी सांगितले. "आता बघ. बदक."

"हंस आहे तो."

"पायाने चालवतात ते बदक."

थोरल्या दरवाज्याच्या जागी दोन्ही बाजूंचे दगडी खांब तेवढे उरले होते. त्यांच्या बाजूला शीतपेयांची यंत्रे आणि नगरपालिकेचा लाडका मासा, म्हणजे शिरस्त्राण घातलेल्या हसऱ्या माशाचा फलक. माशाच्या तोंडाच्या जागी भोक होते. मुलांनी त्यातून तोंड काढून फोटो काढायचा. एक गृहस्थ स्वतःच तोंड घालून उभे होते आणि त्यांची बायको हसत होती.

"शूर दिसतोय," आजोबा म्हणाले.

मधल्या माचीवर कुंपणात वाफेचे एक जुने इंजिन उभे होते. त्याचा किल्ल्याशी काय संबंध, ते कोणालाच माहीत नव्हते. गावाला कुठूनतरी मिळाले, ठेवायला जागा नव्हती, किल्ला रिकामा होता. शेजारच्या पिंजऱ्यात एक म्हातारे माकड भिंतीकडे तोंड करून बसले होते. म्हाताऱ्यांचा एक घोळका लाकडी हातोड्यांनी चेंडू मारत होता. त्यांतला एकजण ओरडला, "काय मोरिवाकी, यंदा नातीकडे पाठ करणार म्हणे?" आजोबांनी त्याच्याकडे बघून मान अशी लववली की ती लववणे होते की माशी उडवणे, ते त्याला दिवसभर कळले नसावे.

पुढे शेवंतीचे प्रदर्शन होते. तारेच्या सांगाड्यावर शेवंती फुलवून त्यांनी बाळ-मालकाचा पुतळा केला होता. चेहरा मेणाचा, गुबगुबीत, गुलाबी.

"फुलांचा मालक," आजोबा म्हणाले. "दोन आठवड्यांत कोमेजेल. हे मात्र त्यांनी बरोबर केलंय."

"आणि हे काय आहे?" तामाकीने विचारले. पांढऱ्या भिंती, वर वळलेल्या कौलांचे दुहेरी छप्पर, छपराच्या टोकांना सोनेरी मासे.

"हा आजचा मनोरा. आत जाऊन ये हवं तर. डावीकडे बायकांचं, उजवीकडे पुरुषांचं."

तामाकी हसली. तिला आजोबांचे हे बोलणे आवडायचे. त्या बोलण्याच्या मागे मागे चालत गेले की सगळी बाग जरा उंचावरून दिसायची, आणि तिथे आपण दोघेच आहोत असे वाटायचे.

"आणि खरा मनोरा कुठे गेला?"

"नव्या सरकारने लाकडाच्या भावात विकला. सार्वजनिक न्हाणीघरवाल्यांनी घेतला. दोन हिवाळे हिनोसेच्या लोकांनी आपला किल्ला जाळून गरम पाण्यात अंग शेकलं. म्हणे पाणी फार छान तापायचं."

तटापाशी मात्र त्यांचा आवाज बदलला. त्यांनी तामाकीचा हात धरून दगडावर ठेवला.

"कोपरा बघ. एक दगड लांब इकडे, त्याच्यावरचा लांब तिकडे. का?"

"एकमेकांना धरायला?"

"हं. आणि हे मधले बारके?"

"फटी भरायला."

"फटी दिसतात तेवढ्याच भरल्यात. आतल्या मुद्दाम ठेवल्यात. पावसाचं पाणी आत अडकलं तर ते भिंत ढकलतं. जायला वाट ठेवली की ढकलत नाही." त्यांनी बोटाने एक काळसर रेघ दाखवली. "हा दगड भूकंपात हलला आणि परत बसला. जागा सोडली नाही."

असे ते तासभर सांगत राहिले. तोफा कुठे होत्या, पहारा कसा बदलायचा, अडसर कोणत्या लाकडाचा होता आणि तो उचलायला किती माणसे लागायची. त्यांचे पणजोबा त्या सहा घराण्यांतल्या माणसांत होते, अठरा वर्षांचे. त्या सकाळी पणजोबांनी काय खाल्ले होते तेसुद्धा आजोबांना माहीत होते. भाताचा एक मुटका, आणि तोही अर्धा.

चौथऱ्यावर पोचल्यावर तामाकी कडेला उभी राहिली. तिथून वाट वळणे घेत खाली जात होती: शेवंती, इंजिन, माकड, दोन दगडी खांब, पूल.

"तो कसा चालला?" तिने विचारले.

"कोण?"

"तोच. मालक. इथून खाली. भरभर की हळू?"

"भित्रा माणूस कसा चालतो? भरभर."

"सगळे भरभरच चालतात. गेल्या वर्षीचा शुन्पेई तर पळाला. पण तो खरा कसा चालला?"

"तसाच. पोरकट, धडपडत."

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? अकरा वर्षांचं पोर. तेही तेव्हाच्या मोजणीने, जन्मल्याबरोबर एक धरून. तुमच्या मोजणीने दहा."

"माझ्याएवढा."

आजोबांनी टोपी काढून झटकली.

"रडत होता का?" तिने विचारले.

"रडतच असणार."

"असणार म्हणजे? कोणी बघितलं?"

"सगळे तिथेच तर होते. माझे पणजोबा त्या खांबाला लागून, इथून दिसतं बघ, त्या तिथे..." आजोबांचे बोट खांबाच्या दिशेने गेले आणि हवेत राहिले.

"त्यांची तर पाठ होती," तामाकी म्हणाली.

तिने ते चिडवायला म्हटले नव्हते. गणितातली पायरी चुकली की आजोबा जसे बोट ठेवून दाखवत, तसेच तिने दाखवले. एक कावळा चौथऱ्यावर उतरला, बाकड्यावर बसलेल्या जोडप्याच्या डब्याकडे त्याने बघितले आणि निघून गेला.

"पावलांच्या आवाजावरून कळतं," आजोबा म्हणाले.

"मग आवाज कसा होता?"

ज्यांना अडसराचे लाकूड माहीत होते, मुटका अर्धा खाल्ला की पुरा तेही माहीत होते, त्या आजोबांना हे माहीत नव्हते.

"एकटाच होता की बरोबर कोणी होतं?"

"एकटा. म्हणे."

"म्हणे," तामाकी म्हणाली.

"भूक लागली असेल तुला," आजोबा म्हणाले, आणि उत्तराची वाट न बघता पायऱ्या उतरायला लागले. खाली गाडीवाल्याकडून त्यांनी एक भाजलेले रताळे घेतले आणि मोठा तुकडा तिला दिला. परतताना शौचालयाबद्दल, माशाबद्दल किंवा बदकांबद्दल ते काहीही बोलले नाहीत. तामाकीला ते बोलणे चुकल्यासारखे वाटले.

त्या आठवड्यात ती शाळेतून आल्यावर घरातल्या लांब ओसरीत चालायचा सराव करी. एकदा भरभर, एकदा हळू. एकदा रडत असल्यासारखे. दाराआड आजोबा बेसबॉलचा सामना लावून बसलेले असत. तिची पावले दारापाशी आली की सामन्याचा आवाज कमी होई, आणि पुढे गेली की परत वाढे.

उत्सवाच्या दिवशी सकाळपासून लाउडस्पीकरवर ढोलाची ध्वनिफीत चालू होती. खांबांच्या आतल्या बाजूला झाडाखाली गवताच्या दोन चटया टाकलेल्या होत्या. आजोबा घराण्याचे चिन्ह असलेला काळा अंगरखा घालून एका चटईवर बसले होते. दुसरीवर ओगुसु. ओगुसुंचा अंगरखा त्यांच्या वडिलांचा होता आणि वडील अंगाने मोठे होते.

"गेल्या वर्षी आपण तिघे होतो," ओगुसु म्हणाले.

"सुगाइंनी मरायला नको होतं."

"त्यांचा मुलगा यायला हवा होता."

"त्याला कमरेचा पट्टा आहे. त्याला बसता येत नाही. उभ्याने पाठ करतो म्हणाला. मी म्हटलं, बसमध्ये करतात तशी?"

ओगुसु हसले. मग इकडेतिकडे बघून त्यांनी बाहीतून काहीतरी काढले. सायकलच्या हँडलला लावतात तसला गोल आरसा होता.

"हे घे."

"काय आहे?"

"डोळे नाहीत का तुला? मांडीवर ठेव, जरा तिरका धर. आमचा नातू मालक झाला होता ना, तेव्हा मी असंच केलं. पाठ ती पाठच राहते. नियम मोडत नाही."

आजोबांनी आरशाकडे बघितले. आरशात झाडाच्या फांद्या, आभाळाचा एक तुकडा आणि त्यांचा स्वतःचा कान दिसत होता.

"माझ्या पणजोबांनी आरसा आणला होता?"

"तुझ्या पणजोबांना नात नव्हती तेव्हा."

"ताहेई, एक तर माणूस बघतो, नाही तर बघत नाही. चोरून बघणारे दुकानात येतात तुझ्या, त्यांना विकत जा आरसे."

"नको तर राहिलं," ओगुसु म्हणाले. त्यांनी आरसा आपल्याच मांडीवर ठेवला. मग दोघांनी तटाकडे तोंड करून पाठी ताठ केल्या.

वर चौथऱ्यावर उद्यान खात्यातला तरुण काजीवारा तामाकीला शेवटच्या सूचना देत होता. "भरभर चालायचं. ढोल संपायच्या आत पुलावर पोचलं पाहिजे, नाही तर सेनापती तसाच उभा राहतो. पाठवाल्यांच्या मागून जाताना मान खाली. बस्स." त्याच्या मागे हसऱ्या माशाचा पोशाख घातलेला कोणीतरी पंख्याने स्वतःच्या कल्ल्यांत वारा घालत होता.

"आता येत आहेत," लाउडस्पीकर म्हणाला, "हिनोसेचे शेवटचे मालक."

तामाकी निघाली. शेवंतीपाशी लोक दोन्ही बाजूंनी उभे होते, हातात मोबाइल. इंजिनाच्या कुंपणावर तिच्या वर्गातली मुले चढून बसली होती.

"ए कडीकाढी, किल्ली विसरलीस का?"

"पंख फडफडव ना, लवकर पोचशील."

ती भरभर चालत होती. भरभर चालले की चेहरे वेगळे दिसत नाहीत, सगळ्यांचा मिळून एकच होतो, हे तिला उतारावर कळले. शुन्पेई का पळाला तेही कळले. माकडाच्या पिंजऱ्यापाशी आई दवाखान्याच्या कपड्यांतच धावत आलेली दिसली. तिने हात अर्धा वर केला आणि तसाच ठेवला.

मग वळण संपले आणि खांब दिसले, आणि खांबांच्या अलीकडे दोन काळ्या पाठी.

आजोबांची पाठ तिने अशी कधी बघितली नव्हती. ते नेहमी समोर असत. अंगरख्याच्या इस्त्रीला मध्ये एक बारीक चूण राहिली होती. मान ताजी भादरलेली होती आणि तिच्यावर दोन रेषा होत्या, खोल, तटाच्या दगडांतल्यासारख्या. मान अगदी बारीक होती. इतक्या बारीक मानेवर ते एवढे सगळे कसे पेलत असतील, असे कोणालाही वाटले असते.

तिची पावले हळू झाली. मग थांबली.

ढोल चालू होता. पुलावर सेनापतीने मिशी दाबून बघितली. काजीवारा तटाच्या कडेने खाली येत दोन्ही हातांनी पुढे, पुढे असे करू लागला. कुंपणावरून कोणीतरी शिट्टी मारली.

"आजोबा," तामाकी म्हणाली. मोठ्याने नाही. स्वयंपाकघरात म्हणावे तितक्याच आवाजात. "मी भरभर आले. इथपर्यंत. आता थांबलेय."

पाठ हलली नाही.

"रडत नाहीये. हात कुठे ठेवायचे ते कळत नाही, म्हणून किल्ली दोन्ही हातांनी धरलीय. घाम आलाय, ती निसटेल असं वाटतंय."

ओगुसुंनी मांडीवरचा आरसा हळूच पालथा घातला.

"मान खाली घालायला सांगितलंय. मी घातलेली नाही. समोर पूल दिसतोय. ते लोक त्याच्यावर उभे आहेत. मला तिकडे जायचं नाहीये." तिने श्वास घेतला. "इथे बसलेले कोणीच माझ्याशी बोलत नाहीयेत. तरी मी जाणार आहे."

लोक पुढच्या लोकांना विचारत होते, ती काय म्हणते आहे, काय झाले. लाउडस्पीकरवरचा ढोल संपला आणि फितीचा नुसता खरखराट उरला. सेनापती तसाच उभा राहिला.

आजोबांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. ते तिथून हलले नाहीत. पाठही होती तशीच ताठ होती, त्यांच्या पणजोबांनी बघितली असती तरी तिला नाव ठेवले नसते. फक्त मान, एका बाजूला, जो कान अजून चांगला होता त्या बाजूला, थोडीशी कलली.

"पुढे?" आजोबा तटाकडे बघत म्हणाले.

तामाकीने किल्ली नीट धरली, डावा पाय उचलला, आणि तो जमिनीला टेकायच्या आत त्यांना सांगायला सुरुवात केली.